तांबड्या पेन्सिलीचे तास : कोल्हापुरातल्या एका पियानोवादक शिक्षिकेचं प्रकरण

हे प्रकरण बाईंच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांचं नाव, गल्ली, दवाखाना, शाळा यांतलं काहीच इथे येणार नाही. बाकी सगळं घडलं तसं मांडलं आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी बाईंकडे पियानो शिकायला लागलो आणि वर्षभरात क्लासची हजेरी नि फीचा हिशेबही माझ्याकडे आला. म्हणून इथले आकडे माझ्या वहीतले आहेत आणि बरेचसे प्रसंग मी जवळून पाहिलेले आहेत. लहान शहरात राहून रंगमंचावर वाजवायचं आणि पोटासाठी शिकवायचं, अशी दुहेरी वाट चालणाऱ्यांना यातलं काही उपयोगी पडावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

पार्श्वभूमी

कोल्हापूर हे गाण्याचं गाव. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते आणि देवल क्लब ही संगीतसंस्था 1883 पासून आहे. इथला साधा दुकानदारसुद्धा ख्यालाला दोन-अडीच तास मांडी घालून बसतो. पियानो मात्र या गावात पाहुणाच राहिला. बाईंनी लहानपणी पहिल्यांदा बोट ठेवलं ते एका चर्चमधल्या जुन्या उभ्या पियानोवर. वडील शाळामास्तर होते, भजनाला पेटी वाजवायचे. पोरीचे कान त्यांनी पेटीवर तयार केले आणि पुढच्या ग्रेडच्या परीक्षांसाठी रात्रीच्या एसटीने तिला पुण्या-मुंबईला नेलं. आठ ग्रेड झाल्या, त्यावर डिप्लोमा झाला, मग युरोपात दोन वर्षं शिक्षण. तिथून येऊन बाई आठ वर्षं मुंबईत होत्या. गायकांना आणि कॉयरला साथ करायची, एका शाळेत शिकवायचं आणि वर्षाकाठी दोन-तीन स्वतंत्र रिसायटल, म्हणजे एकट्याच्या वादनाचे कार्यक्रम, करायचे, असा क्रम होता.

2016 मध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भाऊ परदेशात. बाई पियानोसकट कोल्हापूरला परतल्या.

पियानोसकट म्हणणं सोपं आहे. उभ्या पियानोचं वजन सव्वादोनशे किलोच्या घरात. आत 88 पट्ट्यांसाठी सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि त्या सगळ्या तारांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टन. तो ताण ओतीव लोखंडाची चौकट पेलते, पण आवाज मोठा होतो तो मागच्या लाकडी पाट्यामुळे. हे लाकूड पावसाळ्यात ओल पितं, फुगतं आणि स्वर चढतात. एप्रिल-मेमध्ये ते सुकतं आणि स्वर उतरतात. कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. बाई जून ते सप्टेंबर पियानोच्या पोटात खाली एक छोटा दिवा लावून ठेवतात, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. वर्षातून दोनदा पुण्याहून ट्यूनर येतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने हे सगळं वेळापत्रक उधळलं. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट आहे, तेव्हा पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. बाईंच्या फाटकाच्या खालच्या गजाला पाणी लागलं तेव्हा शेजारच्या तालमीतली अकरा पोरं आली. दोरखंड, दोन गाद्या आणि एक दार एवढ्या सामानावर त्यांनी पियानो पहिल्या मजल्यावर चढवला. उचलण्याआधी त्यांच्यातल्या थोरल्याने विचारलेलं वाक्य बाई अजून सांगतात : "बाई, ह्यातलं नाजूक कुठलं ते सांगा, तिथं हात लावत न्हाई." पियानो वाचला, पण स्वर पार गेले. शिरोलीजवळ हायवे बंद होता, ट्यूनर येणार कुठून? पुढे दोन खेपा ट्यूनिंग करून तो ताळ्यावर आला. तेव्हापासून क्लास वरच्या मजल्यावर भरतो.

ट्यूनरच्या दोन फेऱ्यांमधली सोय मात्र शेजारच्याच गावात सापडली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एका वाद्य बनवणाऱ्या घरातला तरुण बाईंच्या ओळखीतून पियानोकडे वळला. पियानोत बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही तंतोतंत जुळल्या नाहीत तर स्वर थरथरतो. ती थरथर काढायला तंबोरा जुळवणारा कान लागतो, आणि तो या पोराकडे उपजत आहे. एकदा मी बसलो असताना त्याने तिसरी तार जुळवली आणि आवाज जणू खोल विहिरीतून वर आला. पण सा-प लावताना तो अडला. त्याच्या कानाला शुद्ध पंचम हवा होता. पियानोत बारा स्वरांच्या पायऱ्या सारख्या वाटलेल्या असतात, त्यामुळे पंचम किंचित उतरा राहतो आणि गंधार चांगलाच चढा. "हे चूक वाटतंय बाई," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुझा कान बरोबर आहे. तीन तारा तू जुळव, पायऱ्या पुण्याचे काका जुळवतील." ही वाटणी आजही तशीच चालू आहे.

अडचण कशी उभी राहिली

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकणारी मुलं वाढली आणि नंतर ती घरी यायला लागली. 2023 च्या जूनमध्ये माझ्या वहीत 43 विद्यार्थी होते. त्यातले आठ आठवड्यातून दोनदा येत. म्हणजे आठवड्याला 51 तासिका, प्रत्येकी 40 मिनिटांची, एकूण 34 तास. फी महिन्याला 1,500 रुपये. वडिलांची औषधं, घरखर्च, ट्यूनिंग सगळं त्यातूनच.

त्याच वेळी बाईंनी ठरवलं की डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी कोल्हापुरात पूर्ण लांबीचं रिसायटल करायचं. मुंबई सोडल्यानंतरचं पहिलंच. कार्यक्रमात बाख, शोपां आणि मध्यभागी बेथोव्हेनचा 'वाल्डश्टाइन' सोनाटा. हा सोनाटा सुरू होतो तो अगदी हलक्या आवाजात, एकाच जागी भराभर पडणाऱ्या स्वरसमूहांनी, आणि त्याच्या शेवटच्या भागात अंगठा नि करंगळी एकदम पट्ट्यांवरून घसरवत नेण्याच्या जागा आहेत.

बाईंची एक सवय होती. माझ्या हजेरीवहीच्या कोपऱ्यात त्या स्वतःच्या रियाजाचे तास तांबड्या पेन्सिलीने लिहीत. जानेवारीत आठवड्याला 14, 15 असे आकडे होते. मार्चमध्ये परीक्षेचे विद्यार्थी वाढले, आकडा 11 वर आला. जुलैत 6. तो आकडा खाली येताना मी दर आठवड्याला पाहत होतो, कारण मी त्याच पानावर फी लिहीत होतो. तरी एकदाही बोललो नाही. हिशेब माझा, रियाज त्यांचा, असं मी धरून चाललो होतो.

जुलैच्या अखेरीस उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने दुखायला लागलं. बाईंनी आयोडेक्स चोळलं, क्रेप बँडेज बांधलं आणि महिनाभर कुणाला सांगितलं नाही. ऑगस्टच्या शेवटी स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना हात सुटला, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो.

निदान, आणि चुकीच्या जागी धरलेला दोष

हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला सांगितलं आणि मनगट करंगळीकडे झुकवलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी ज्या बोगद्यासारख्या आवरणातून जातात, तिथे सूज होती. डी क्वेर्व्हेन म्हणतात या दुखण्याला. "पियानो वाजवता ना? मग तेच कारण. बंद ठेवा," असं निदान तिथेच झालं आणि आम्ही दोघांनी ते मानलंही.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र वेगळा प्रश्न विचारला : "दिवसभरात हा हात कुठे कुठे लागतो, सकाळपासून सांगा." वही माझ्या पिशवीतच होती. मी आकडे वाचून दाखवले. शिकवणं 34 तास, स्वतःचा रियाज 6 तास. ताई म्हणाल्या, "शिकवताना कशा बसता ते दाखवा." बाई तपासणीच्या टेबलालाच पियानो मानून तिरक्या बसल्या. शिकणारं पोर मधोमध, बाई त्याच्या उजव्या बाजूला. उजवा हात कोपरापासून तिरका येतो, बोटं मात्र पट्ट्यांवर सरळ पडायला हवीत, म्हणून मनगट करंगळीकडे वाकतं. दवाखान्यात डॉक्टरांनी जसं झुकवून दुखवलं होतं, बरोबर तसंच. दर तासिकेत वीस-पंचवीस वेळा "असं नाही, असं" करून दाखवायचं, तेही याच अवस्थेत.

मग ताईंनी घरचं विचारलं. वडिलांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं काम दिवसातून सहा-सात वेळा बाई एकट्याच करत. दोन्ही काखांत हात घालायचे, अंगठे ताणून उघडे, आणि उचलायचं. तान्ह्या बाळांना असंच उचलून-उचलून कित्येक आयांना हेच दुखणं होतं, असं ताई म्हणाल्या. बाई बराच वेळ गप्प बसल्या. गाडीत त्या एवढंच बोलल्या, "काका, मी दोष वाल्डश्टाइनला देत होते."

माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा इथे आहे. तीन ओझी एकाच कंडरेवर पडत होती. त्यांतलं सर्वांत लहान ओझं स्वतःच्या वाजवण्याचं होतं, आणि काही कमी करायची वेळ आली की बाई दर वेळी त्यालाच कात्री लावत होत्या.

पुढे कोणते पर्याय होते

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं आणि बाईंची सर्वांत जुनी विद्यार्थिनी असे तिघे बसलो. ही मुलगी बावीस वर्षांची, सातवी ग्रेड झालेली.

रिसायटल रद्द करून क्लास तसाच चालू ठेवणं सर्वांत सोपं होतं. पैसा येत राहिला असता. मी स्वतः आधी हेच सुचवलं, ते माझं चुकलं. दुखण्याचं मोठं कारण तसंच राहिलं असतं आणि सुटलं असतं ते फक्त बाईंचं वाजवणं.

क्लास तीन महिने पूर्ण बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. शिवाय चार मुलं नोव्हेंबरच्या परीक्षेला बसली होती. त्यांना मध्येच सोडणं बाईंना मान्यच नव्हतं, आणि त्यात त्या बरोबर होत्या.

पुण्याला जाण्याचा विषयही निघाला. तिथे फी जास्त, विद्यार्थी तयारीचे, ट्यूनर दारात. वडिलांनी हे पलंगावरून ऐकलं. त्यांची जीभ जड झाली आहे, तरी स्पष्ट म्हणाले, "माझ्यापायी राहू नकोस." त्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्यापायी नाही अण्णा, मला इथे वाजवायचंय." तो पर्याय तिथेच संपला.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शनही सुचवलं होतं. बाई घाबरल्या. मुंबईत कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं की इंजेक्शनने हात कायमचा कमजोर होतो. आधी मनगटाला पट्टा लावून बघू, असं ठरलं.

उरला कार्यक्रम. तो बदलायचा तर कसा? इथे बाईंनी जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी कपाटातून डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना काढल्या. रशियन संगीतकार स्क्रियाबिनचा उजवा हात तरुणपणी सरावाने दुखावला होता, तेव्हा त्याने 1894 मध्ये फक्त डाव्या हातासाठी एक प्रिल्यूड आणि एक नॉक्टर्न लिहिलं. बाखचा व्हायोलिनसाठीचा शाकोन ब्राम्सने एकट्या डाव्या हातासाठी बसवला. व्हायोलिनवाला चार तारांतून जे अख्खं विश्व उभं करतो, ती ओढाताण पियानोवर अनुभवायची तर एकाच हाताने वाजवावं, असा त्याचा विचार होता. त्याने तो पियानोवादक क्लारा शुमान यांना पाठवला, आणि नेमका त्याच वेळी त्यांचा उजवा हात दुखावलेला होता. म्हणजे उजवा हात बंद पडलेल्या माणसांसाठी अख्खी एक वाट आधीच खणून ठेवलेली होती.

काय केलं

रिसायटल डिसेंबरवरून फेब्रुवारी 2024 च्या शेवटच्या रविवारी नेलं. वाल्डश्टाइन काढला. हे हातासाठी केलं, पण माझं मत असं की तो तसाही काढायला हवा होता. आडव्या, मोठ्या ग्रँड पियानोत पट्टी अर्धीच वर आली तरी पुन्हा वाजवता येते. 1821 मध्ये पियानो बनवणाऱ्या एरारने काढलेली ती युक्ती उभ्या पियानोत नसते, त्यात पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. वाल्डश्टाइनच्या सुरुवातीचे ते हलके, भरभर पडणारे स्वरसमूह उभ्या पियानोवर घ्यायला मनगटावर जास्त जोर लागतो. पुण्याहून ग्रँड भाड्याने आणायचा तर भाडं, वाहतूक आणि ट्यूनिंग मिळून तिकिटांच्या पैशांच्या पुढे जात होतं. कोल्हापुरात उभ्या पियानोवरच वाजवायचं असेल, तर कार्यक्रम त्या वाद्याला साजेसा निवडावा, हे मुंबईच्या सवयीत सुटून गेलं होतं.

नवा कार्यक्रम असा ठरला : स्क्रियाबिन, शाकोन, आणि शेवटी दोन्ही हातांनी शुमानचे 'किंडरझेनन', म्हणजे बालपणीच्या आठवणींचे तेरा छोटे तुकडे. उजव्या हाताला फार ताण नाही, आणि क्लासमधल्या मुलांना त्यातले दोन-तीन ओळखीचे. डावा हात एकदम लादायचा नाही म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसाला फक्त 20 मिनिटं. मोबाइलवर गजर लावलेला असायचा आणि गजर झाला की चालू ओळ अर्धी सोडून उठायचं.

क्लासची फेरमांडणी अवघड होती. 43 पैकी 15 नवशिकी मुलं त्या बावीस वर्षांच्या ताईकडे दिली, बाई महिन्यातून एकदा त्यांना ऐकतील असं ठरवून. स्वतःकडे 19 ठेवले, प्रत्येकाला आठवड्याला पूर्ण एक तास, फी 2,800. शनिवारी थिअरीचा दोन तासांचा एकत्र वर्ग, 12 मुलं, 800 रुपये. 64,500 वरून मिळकत 62,800 वर आली, आणि शिकवण्याचे तास 34 वरून 21 वर. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा बाईंनी ते तीन वेळा तपासलं. फी वाढवायला त्या सात वर्षं कचरत होत्या. उरलेले नऊ जण सोडून गेले.

शिकवायच्या खोलीत एक जुना डिजिटल पियानो घेऊन बाईंच्या खुर्चीसमोर ठेवला. आता दाखवायचं ते त्या समोर सरळ बसून दाखवतात. वडिलांसाठी सकाळ-संध्याकाळ एक मामा यायला लागले, महिन्याला 7 हजारांवर. ही नवी भर पडली आणि तिच्यामुळे महिन्याचं गणित तंगच राहिलं. फिजिओ ताईंनी वडिलांच्या कमरेला बांधायचा रुंद कापडी पट्टा दिला, म्हणजे दुपारी एकटीने उठवायची वेळ आली तर काखेत हात घालावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र फार वाईट झाली. पालकांना कळवायचं कसं, यावर बाई अडून बसल्या. "बाईंचा हात गेला" असं एकदा गावात पसरलं की संपलं, अशी धास्ती त्यांना होती. म्हणून रात्री दहाला व्हॉट्सॲपवर मेसेज गेला : "काही अपरिहार्य कारणास्तव पुढील महिन्यापासून बॅचेसमध्ये बदल करण्यात येत आहेत." सोबत नव्या फीचा तक्ता. तो मजकूर मीच टाइप केला होता. सकाळपर्यंत गावात तीन गोष्टी फिरत होत्या : बाई पुण्याला चालल्या, बाईंचं लग्न ठरलं, बाईंना आता फक्त पैसेवाल्यांची पोरं हवीत. तिसरी सर्वांत जास्त लागली. एका आईने फोनवर "माझ्या मुलीत काय कमी आहे ते तरी सांगा" असं विचारलं, तेव्हा बाईंना उत्तर देता आलं नाही.

पुढच्या रविवारी सगळ्या पालकांना बोलावलं. बाईंनी मनगटावरचा पट्टा दाखवला आणि घडलं ते सांगितलं, वडिलांना उचलण्यासकट. खोली शांत झाली. मग गूळ-व्यापारी असलेले एक पालक म्हणाले, "आधी सांगायचं की ओ बाई. आम्ही काय परके काय?" वडिलांसाठी येणारे मामा त्यांनीच शोधून दिले. पण तोवर नऊ मुलं गेली होती. त्यातली दोन पुढे परत आली.

पट्टा आणि इंजेक्शन

पाच-सहा आठवडे पट्टा लावून दुखणं निम्म्यावर आलं आणि तिथेच थांबलं. ऑक्टोबरच्या मध्यावर बाईंनी शेवटी इंजेक्शन घेतलं. दहा-बारा दिवसांत अंगठा मोकळा व्हायला लागला. दिवाळीनंतर उजव्या हाताने पाच मिनिटं, मग दहा, असा शुमान सुरू झाला. ऐकीव भीतीपायी महिना-दीड महिना गेला, असं बाई स्वतः म्हणतात. मी त्यात एवढीच भर घालीन की ती भीती त्यांनी डॉक्टरांना बोलून दाखवलीच नव्हती. "नको" एवढंच म्हणाल्या, आणि डॉक्टरांनीही का ते विचारलं नाही. ज्याचा त्याचा हात वेगळा, तेव्हा इंजेक्शन घ्यावं की नाही हे मी सांगणार नाही. पण मनातली शंका तपासणीच्या खोलीतच बोलून टाकावी.

रिसायटलचा दिवस

एका शाळेचं छोटं सभागृह मिळालं, 110 खुर्च्यांचं. शुक्रवारी तालमीतली पोरं पुन्हा आली. 2019 मधले चार, बाकी नवे. जिन्याच्या वळणावर थोरला नव्यांना ओरडून सांगत होता, "मागनं धर, मागनं! म्होरं नाजूक हाय." नवीन जागेत लाकडाला रात्रभर बसू दिलं आणि शनिवारी पुण्याच्या ट्यूनरांनी जुळवलं. मिरजेचा तरुण त्यांच्या शेजारी उभा राहून पाहत होता. दुपारी वरच्या सप्तकातल्या तीन तारा त्याच्याकडे सोपवून काका चहाला गेले. मला वाटतं, त्या पोराला त्या दिवशी पदवी मिळाली.

शंभरच्या आसपास लोक आले. वडील पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत. बाईंनी आधी उठून दोन वाक्यांत सांगितलं की पहिला अर्धा भाग फक्त डाव्या हाताने आहे आणि का आहे. शाकोन चौदा-पंधरा मिनिटांचा आहे. मध्यावर तो डी मायनरमधून मेजरमध्ये जातो, ढग सरकून ऊन पडावं तसा. तिथे मागून एक म्हातारे गृहस्थ "वा!" म्हणाले, भर वादनात, देवल क्लबमध्ये म्हणतात तसं. युरोपातल्या सभागृहात असं कुणी बोललं असतं तर माना वळल्या असत्या. बाईंच्या खांद्यात मला तेव्हा ढिलेपणा आलेला दिसला. शेवटच्या फेऱ्यांत हात थकला होता, त्यांनी एका जागी ठरल्यापेक्षा लांब श्वास घेतला. ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ते कळलं असेल.

किंडरझेननमधल्या सहाव्या तुकड्यात दोन ओळी विसरल्या आणि पुढच्या जागेवरून सावरल्या. त्या दोन ओळींची रुखरुख त्यांना महिनाभर होती.

मागे वळून पाहताना

बाईंशी बोलून आणि माझ्यापुरतं ताडून काही गोष्टी इथे नोंदवतो.

जुलैत दुखलं तेव्हाच दाखवायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. पण ते का दाखवलं नाही, हे बघणं मला जास्त गरजेचं वाटतं. वाजवणाऱ्यांमध्ये हाताचं दुखणं ही लाज समजली जाते, तंत्र कच्चं असल्याची कबुली. बाईंनी कितीतरी मुलांना "दुखलं की थांबायचं" असं शिकवलं होतं. स्वतःला ते लावलं नाही. आता प्रत्येक तासाच्या सुरुवातीला त्या मुलांना विचारतात, "आज हात कसा आहे?" आणि मुलं उलट त्यांना विचारतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

शिकवण्याच्या बसण्याचा विचार क्लास सुरू केला त्या दिवशी व्हायला हवा होता. वादकाची खुर्ची, उंची, कोपर याबद्दल सगळे शिकवतात. शिकवणाऱ्याने कसं बसावं हे बाईंना ना इथे कुणी शिकवलं, ना युरोपात. आठवड्याचे 34 तास ज्या बैठकीत जातात तिच्याबद्दल एक शब्द नाही.

पालकांच्या मेसेजची जबाबदारी माझीही आहे. बँकेत असे मजकूर मी आयुष्यभर लिहिले. कोल्हापुरात लोक कारण मागतात आणि कारण मिळालं की मदतीला उभे राहतात. फी का वाढते हेही असंच सगळ्यांना बोलावून, आकडे दाखवून, आधी सांगता आलं असतं. सात मुलं कायमची गेली. त्यातली एक, जिच्या आईने फोन केला होता ती, खरंच चांगली वाजवायची. तिच्यासाठी बाईंना अजून वाईट वाटतं. मलाही.

15 मुलं त्या बावीस वर्षांच्या ताईकडे देण्याच्या निर्णयाबद्दल आमच्यात मतभेद आहेत. बाई म्हणतात, नवशिक्यांना तर सर्वांत अनुभवी माणूस हवा, कारण हाताची पहिली ठेवण एकदा बिघडली की सुधारायला वर्षं जातात. मी म्हणतो, त्या मुलीला शिकवण्याची वाट मिळाली आणि शहराला दुसरी शिक्षिका. दोन्ही खरं आहे. महिन्यातून एकदा ऐकणं कमी पडतं असं दिसल्यावर आता ते पंधरा दिवसांनी केलं आहे.

2024 च्या पावसाळ्यात दुखणं दोन आठवडे परतलं. मामा गावी गेले होते आणि कमरेचा पट्टा न लावता वडिलांना उचललं गेलं. या वेळी दुसऱ्याच दिवशी फिजिओकडे गेलो.

सांगलीहून एका रिसायटलची विचारणा आली आहे, पुन्हा उभ्या पियानोवर. या खेपेला बाईंनी आधी तिथे जाऊन पियानो वाजवून पाहिला आणि मग कार्यक्रम लिहायला घेतला.

हजेरीवहीची मांडणीही आम्ही बदलली. पूर्वी मी तासिका लिहायचो आणि उरलेल्या कोपऱ्यात बाई रियाज लिहायच्या. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला कोरं पान आधी बाईंकडे जातं. त्या तांबड्या पेन्सिलीने सकाळचे दोन तास अडवतात, मग वही माझ्याकडे येते आणि उरलेल्या जागेत मी मुलं बसवतो. परीक्षेच्या दिवसांत आकडा 13 वरून 9 वर आला होता. या वेळी मी बोललो. सध्या तीन पालक जागेसाठी थांबले आहेत, आणि पान भरलेलं आहे.